योसेफाचा हात

सातारा, रविवार

दिवसभर झड लागली होती आणि अजिंक्यतारा ढगांत बुडाला होता. त्यामुळे डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘याकोबाचा आशीर्वाद’ या चित्राची मोठी छापील प्रत टेबलावर पसरून ती सावकाश पाहता आली. 1656 सालचे हे मूळ चित्र जर्मनीतील कासेल येथे आहे. प्रसंग बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 48व्या अध्यायातला आहे. मृत्यू जवळ आलेला, दृष्टी मंदावलेला याकोब नातवांना आशीर्वाद देताना आपला मानाचा उजवा हात थोरल्या मनश्शेऐवजी मुद्दाम धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर ठेवतो. याकोबाचा मुलगा आणि या मुलांचा बाप योसेफ याला ते रुचत नाही आणि तो वडिलांचा हात उचलून हलवू पाहतो. वतनावरून आणि वडीलकीच्या मानावरून घरेच्या घरे दुभंगलेली पाहिलेल्या आमच्या मुलखात या प्रसंगाचे गांभीर्य कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

रेम्ब्रांटने मात्र ती नाराजी जवळजवळ पुसून टाकली आहे. योसेफाच्या चेहऱ्यावर राग नाही. त्याची बोटे वडिलांच्या हाताशी आहेत, पण ती तो हात सरकवत आहेत की थकलेल्या हाताला आधार देत आहेत, हे कितीही निरखले तरी ठरत नाही. चित्राचा सारा जीव मला तिथेच जाणवतो. न पटलेली गोष्ट म्हाताऱ्या बापाला न दुखावता सांगू पाहणाऱ्या मुलाचा तो हात आहे.

जुन्या ख्रिस्ती भाष्यकारांना याकोबाच्या एकमेकांवरून गेलेल्या हातांत क्रूसाची खूण दिसली. इथे ती फुली ठळक केलेली नाही. उलट एफ्राईमचेच हात छातीवर एकमेकांवर आले आहेत. याकोबाच्या खांद्यावरील केसाळ कातडे पाहून मला आणखी एक गोष्ट आठवली. याच याकोबाने तरुणपणी हातांना करडांची कातडी गुंडाळून आपल्या आंधळ्या वडिलांकडून, इसहाकाकडून, थोरल्या भावाचा आशीर्वाद मिळवला होता. ते जाणणाऱ्याला हे पांघरूण साधे वाटणार नाही.

उजवीकडे योसेफाची पत्नी आसनथ उभी आहे. मूळ कथेत या प्रसंगी तिचा उल्लेखही नाही. रेम्ब्रांटने तिला आपल्या मर्जीने आणले, आणि त्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. थोरल्या-धाकट्याचा प्रश्न आजोबा आणि वडील यांच्यातच संपला असता; पण आई तिथे असल्यामुळे, ज्याच्या वाट्याला उणे आले त्या मनश्शेचे मन जाणणारे एक माणूस त्या खोलीत आहे.