पिशवीचा आवाज

आळंदीत पहिल्यांदा मागून कुणीतरी "माऊली" म्हणालं तेव्हा मी वळून बघितलं, की कुणाला हाक मारतायत. मलाच मारत होते. मी वाटेत उभी होते आणि त्या काकांना गाठोडं घेऊन पुढे जायचं होतं, बस एवढंच. आपल्याकडे एसटीत चढताना "ओ बाई, सरका ना" म्हणतात त्याच्याजागी इथे माऊली. दोन दिवसात कळलं की वारीत हा एकच शब्द सगळ्याला चालतो, सरका म्हणायला माऊली, चहा द्या म्हणायला माऊली, पायावर पाय पडला तरी माऊली, बंदोबस्ताच्या पोलिसाला आपण माऊली म्हणायचं आणि तोही आपल्याला माऊलीच म्हणतो.

ही 2024 ची वारी. 29 जूनला आळंदीहून प्रस्थान होतं. सासूबाईंच्या अकरा वाऱ्या झाल्यात, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून त्यांनी मला पाठवलं, त्यांच्याच दिंडीत, रथामागच्या. निघताना एवढंच म्हणाल्या, वाटेत कुणाला अगंतुगं करू नको, माऊली म्हण. मला ते जमेना. खोटं वाटायचं. मनात काही नसताना तोंडाने कसं म्हणायचं, असं मला खरंच वाटत होतं.

थोडं माझं सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी तालुक्याच्या गावी बँकेत कॅश काउंटरला आहे, 16 वर्षं झाली. निराधार योजनेचे पैसे जमा झाले की म्हाताऱ्या माणसांची रांग दारापर्यंत जाते. प्रत्येकाचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर गाठ, आणि काउंटरला आल्यावर ती गाठ सोडायला सुरुवात. तो पिशवीचा कर्रकर्र आवाज माझ्या डोक्यात जायचा, मागे चाळीस माणसं उभी आणि यांची गाठ सुटत नाही. मी तोंडाने काही बोलायचे नाही पण चेहऱ्यावर सगळं दिसत असणार.

पुण्यात आम्ही एका शाळेत उतरलो होतो, तंबू लागले ते सासवडपासून. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात मोठा, 30 किलोमीटरच्या वर, आणि त्यात दिवे घाट. रथाला बैलांच्या जादा जोड्या लावतात तिथे, माणसांना काही जादा मिळत नाही, ज्याने त्याने आपापले पाय ओढायचे. रात्री तंबूत आडवी झाले तर डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड, पाठ मोडलेली, तीनला उठून टँकरवर आंघोळीला नंबर लावायचा होता, आणि डोळा लागतो न लागतो तोच शेजारून कर्रकर्र. प्लास्टिकची पिशवी. शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या, त्या अंधारात बसून काहीतरी चाळत होत्या. थांबल्या, परत सुरू, मग उठून तंबूच्या तोंडाशी गेल्या, तिकडून परत तोच आवाज. घर सोडून एवढ्या लांब आले आणि इथेही तेच.

दुसऱ्या रात्री तेच. जेजुरीत तेच. वाल्ह्यातही. चार रात्रीत मी त्या आजींवर मनातल्या मनात पूर्ण केस तयार केली होती, की या खायचं लपवून ठेवतात, एकट्या खातात, यांना दुसऱ्याच्या झोपेचं काही नाही. मग दिवसाही त्यांचं सगळं टोचायला लागलं. हरिपाठात त्या एक मात्रा मागे राहायच्या ते टोचायचं, पंगतीत दोनदा आमटी मागायच्या ते टोचायचं. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात, सगळं पिवळंधमक, लोक नाचतायत आणि माझं लक्ष कुठे तर या आजींकडे, की यांनी आपली पिशवी छातीशी कशी धरलीय. तो भंडारा मी नीट बघितलाच नाही याचं मला आज फार वाईट वाटतं.

बँकेत वर्षातून एकदा आमचं ट्रेनिंग होतं, त्यात सकारात्मक विचार करा म्हणून सांगतात. वाल्ह्यात मी तोही प्रयोग केला. डोळे मिटून स्वतःला सांगितलं की हा आवाज मला त्रास देत नाही. दिला. उलट जास्त ऐकू यायला लागला.

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं आणि आम्ही लोणंदला मुक्कामाला आलो. रात्री पाऊस सुरू झाला, तंबूच्या कडेने पाणी आत यायला लागलं, मी जागीच होते. परत कर्रकर्र. या वेळी मी मोबाईलची बॅटरी लावली, बोलायचंच असं ठरवून. तर आजी तंबूच्या तोंडाशी उकिडव्या बसलेल्या आणि त्यांच्यासमोर आमच्या सगळ्यांच्या चपला. एकेक जोड उचलायच्या, लुगड्याच्या पदराने पुसायच्या, पिशवीत घालायच्या, गाठ मारायच्या आणि ज्याची त्याच्या उशाशी नेऊन ठेवायच्या. माझे बूट त्यांच्या हातात होते. मला बघून म्हणाल्या, "झोप माऊली, वल्ल्या बुटानं फोड चिघळतोय तुझा."

मला खायचं वाटत होतं ते हे होतं. आणि मी रोज पहाटे उशाशी पिशवीतले बूट उचलून पायात घालत होते आणि कुणी ठेवले हे एकदाही विचारलं नव्हतं, सगळ्यांच्या उशाशी पिशव्या असायच्या, वाटायचं दिंडीच्या मुलांनी ठेवले असतील, किंवा खरं सांगायचं तर काहीच वाटायचं नाही.

त्यानंतर आवाज तोच होता. पण बरडपासून पुढे तो कर्रकर्र सुरू झाला की मला झोप लागायची. वेळापूरला उशीर झाला, आवाज लवकर आलाच नाही, तर मी जागी, आजी कुठे गेल्या म्हणून. आणि माऊली हा शब्द, तो मी लोणंदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरवर पहिल्यांदा म्हणाले, माझ्या बादलीपुढे बादली सरकवणाऱ्या बाईला. रागानेच म्हणाले, सवयीने आलं तोंडात. पण तो शब्द रागाने पूर्ण म्हणताच येत नाही, अर्ध्यात आवाज खाली येतो. ती बाई वळली आणि म्हणाली, भर तू आधी. मला वाटायचं आधी मन बदलतं आणि मग बोलणं. माझं तरी उलटं झालं.

यात एक गोष्ट मात्र ठामपणे लिहायची आहे. सगळं मानण्यावर आहे असं जे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. आमच्या दिंडीतल्या एका ताईंनी दोन दिवस ताप लपवला, मनाने घेतलं की काही होत नाही म्हणून, आणि नातेपुत्याच्या अलीकडे रस्त्यातच पडल्या. सलाईन लावावं लागलं. माझा फोडही नामाने बरा झाला नाही, फलटणला डॉक्टरांच्या कॅम्पमध्ये ड्रेसिंग केलं आणि त्यांनी सांगितलं म्हणून एक टप्पा दिंडीच्या ट्रकमधून गेले. दुखतं ते दुखतंच. माझ्या टाचेचं दुखणं वेगळं आणि त्या आजींबद्दल मी जे रचत होते ते दुखणं वेगळं, आणि दुसरं जास्त होतं.

वेळापूरच्या आधी धावा होतो, उतारावरून सगळे पंढरीच्या ओढीने पळत सुटतात. मी पळणार नव्हते. आजींनी मनगट धरलं आणि एका हातात पिशवी, एका हातात मी, अशा पळाल्या.

17 जुलैला एकादशी. दर्शनाची रांग बघून आम्ही चंद्रभागेत स्नान केलं आणि कळसाला हात जोडले. तिथल्या गर्दीत आजींची आणि माझी चुकामूक झाली ती झालीच. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं कोण कोण भेटलं, मी आजींचं सांगितलं, त्या म्हणाल्या नाव काय. मला नाव माहीतच नव्हतं. अठरा दिवस मी त्यांना आधी आजी आणि मग माऊली म्हणत होते.

कामावर गेल्यावर सगळे दिवस सारखे नसतात, मार्चएंडला माझा चेहरा पूर्वीसारखाच होता असं शेजारच्या काउंटरवाली म्हणाली आणि ते खरं असणार. पण सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात निराधारचे पैसे जमा झाले, रांग दारापर्यंत. एक बाबा आले, धोतर, टोपी, हात थरथरणारा. पिशवीतून पिशवी, गाठ सुटेना. कर्रकर्र. मागून कुणीतरी ओरडलं, अहो आवरा की. मी म्हणाले, सावकाश माऊली.

बाबांनी मागे वळून बघितलं.