सुसरबाईची पाठ

पॅरिस, शुक्रवार, रात्री उशिरा

पायांचे तुकडे पडलेत. मोनालिसाकडे फिरकलेच नाही म्हणून फोनवर आईची बोलणीही खाऊन झाली. काय करणार, वाघाने अडवून ठेवलं.

लूव्र संग्रहालयातला ब्राँझचा वाघ, जेमतेम मीटरभर लांब. पंज्यांखाली दाबलेलं जनावर अंग पिळवटून तडफडतंय. आधी मगर वाटली. मग ते चिमट्यासारखं लांबोडकं तोंड दिसलं आणि तोंडून निघून गेलं, "अगं बाई, ही तर सुसर!" पाटीवर नाव होतं 'गाव्हियाल'. म्हणजे आपलं घडियालच, फ्रेंच जिभेवर घोटाळलेलं.

फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारीने हे शिल्प १८३१ च्या 'सालों'मध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात मांडलं. हा बारी भारतात कधीच आला नव्हता. वाघ-सिंह पाहिले ते जार्दें दे प्लांत या पॅरिसमधल्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांत, नाहीतर मेल्यावर. तिथला एक सिंह मेला तेव्हा चित्रकार दलाक्र्वाने बारीला चिठ्ठी धाडली होती: सिंह मेला, धावत ये! मग दोघं त्या कलेवरापाशी बसून रेखाटत राहिले. मला नुसत्या वासाच्या कल्पनेनेच मळमळलं.

पण त्याशिवाय वाघाचा तो खांदा असा उतरला नसता. आणि सुसरीची ती पाठ! बारीचा बाप सोनार, स्वतःही सोनाराच्या हाताखाली राबलेला. एकेक खवला दागिन्यासारखा कोरलाय. 'सुसरबाई तुझी पाठ मऊ' म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

बारीलाही ते म्हणणं जमलं नसावं. १८३७ मध्ये राजपुत्रासाठी केलेली त्याची शिकारीची शिल्पं सालोंच्या परीक्षकांनी परत पाठवली. जेवणाच्या टेबलावर मांडायच्या वस्तू त्या, सोनारकाम, शिल्पकला नव्हे! मग हा गडी स्वतःच ओतकाम करून घरोघरच्या फडताळांसाठी छोटे प्राणी विकायला लागला. एकेका नगावर इतकी मेहनत घ्यायची की धंदा बुडणारच. १८४८ मध्ये दिवाळं वाजलं. साचे सावकाराकडे गेले, ते परत मिळायला १८५७ उजाडलं.

पुढे त्याच जार्दें दे प्लांतमध्ये तो प्राण्यांचं रेखाटन शिकवायचा. पुढे मोठा शिल्पकार झालेला रोदँही तरुणपणी काही काळ त्याच्या वर्गात होता.

उद्या तिकडेच जाणार. मोनालिसा परवा बघू, पाय राहिले तर.