बाबा, हात काढा

लेकीचे पाय कडेवर घेताना फाकत नसत. मला वाटायचं, पोरगी अंग चोरून बसते. लंगोट बदलताना तिच्या आईला पहिल्यांदा शंका आली: "हिचे गुडघे उघडायला जोर लावावा लागतो रे."

ती जन्मली तिसाव्या आठवड्यात. त्यामुळे डॉक्टर तिचं वय मोजताना दहा आठवडे वजा करायचे, आणि त्या वजाबाकीला धरून आम्हीही बराच काळ स्वतःची समजूत घातली. अकरा महिने म्हणजे खरं तर पावणेनऊच, मग बसेल की हळूहळू. पण पावणेनऊच्या हिशोबानंही ती बसत नव्हती. बसवली की पाठीतून गोल होऊन बाजूला कलंडायची. उभी धरली की पायांची कात्री व्हायची आणि टाचा जमिनीला लागायच्याच नाहीत.

एमआरआय झाला. मेंदूच्या मधोमध पाण्याचे कप्पे असतात, त्यांच्या भोवतीच्या पांढऱ्या भागाला इजा झालेली दिसत होती. पायांकडे जाणारे तंतू त्या कप्प्यांच्या अगदी कडेनं जातात आणि हातांचे जरा लांबून, म्हणून हात बरे आणि पाय कडक. निदान: सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी; त्यातला प्रकार स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः दोन्ही पाय कडक. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली इजा वाढणार नाही. मी तेवढंच ऐकलं. पुढचं वाक्य, की हाडं वाढतील तसे आखडलेले स्नायू मागे पडतील आणि शरीर मात्र बदलत राहील, ते मला कळायला दोन वर्षं लागली.

पहिले सहा महिने आम्ही ज्या थेरपिस्टकडे गेलो, तिथं काम एकच: पाय ताणणं. मॅटवर उताणी झोपवायची, गुडघा सरळ, घोटा वर दाबून धरायचा, तीस आकडे मोजायचे. घरीही सकाळ-संध्याकाळ तेच. मी आज्ञाधारक माणूस, एकही दिवस चुकवला नाही. मोजता मोजता ती रडायची आणि मी आकडे मोठ्यानं म्हणायचो, म्हणजे रडणं कमी ऐकू येईल. शेवटी शेवटी मॅटची गुंडाळी नुसती दिसली तरी ओठ काढायची. सहा महिन्यांनी ती तिथंच होती. मी मात्र ताणण्यात तरबेज झालो होतो.

थेरपिस्ट बदलली ती वैतागून. नव्या मॅडमनी लेकीला हातही लावला नाही. मला विचारलं, "दिवसभरात ही स्वतःहून काय करते?" आम्ही तिच्यासाठी काय काय करतो याची भली मोठी यादी माझ्या तोंडावर होती, पण या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मग त्यांनी तिला पोटावर ठेवलं, घुंगराचा चेंडू तिच्या हातापासून वीतभर लांब ठेवला आणि गप्प बसल्या. लेक कुंथली, एका कोपरावर वजन घेतलं, दुसरा हात पुढे टाकला, पडली. माझा हात आपोआप चेंडूकडे गेला.

"बाबा, हात काढा."

पुढच्या चार वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन, सांगता येत नाही. त्या दिवशी चेंडू तिला मिळायला जवळपास दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं तिच्यापेक्षा मला जड गेली.

मॅडमनी नंतर सांगितलं की त्याही आधी वेगळ्या पद्धतीनं काम करत. त्यांचं शिक्षण बोबाथ पद्धतीतलं. बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्यानं लंडनमध्ये ती बसवली. थेरपिस्टचे हात मुलाचं शरीर योग्य तऱ्हेनं हलवतात, मग मेंदू ते शिकतो, असा त्यामागचा साधारण विचार. "माझे हात फार छान शिकले," मॅडम हसून म्हणाल्या, "मुलं तेवढी शिकली नाहीत." नंतरच्या अभ्यासांतून दिसत गेलं की मूल जे स्वतः करतं, पुन्हा पुन्हा करतं आणि खऱ्या कामासाठी करतं, तेच त्याला येतं. नुसतं हातानं ताणण्याचा उपयोग फार थोडा. दुसरी एक समजूतही मोडली होती. कडक स्नायूंना ताकदीचे व्यायाम दिले तर ते आणखी कडक होतील, असं पूर्वी मानत. तसं होत नाही. उलट कडकपणाच्या आड तो स्नायू चांगलाच दुबळा असतो. हे ऐकून मला आमच्या सहा महिन्यांचा राग आला. मॅडम म्हणाल्या, राग नंतर करा, आधी स्टूल आणा.

तर स्टूल. त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय? मी म्हटलं, चालायला हवी. "ते फार मोठं झालं. सहा आठवड्यांत काय हवंय?" बराच वेळ घासाघीस करून ठरलं: स्टुलावरून उठून खिडकीची कड धरून उभं राहायचं. खिडकीच का, तर बाहेर झाडावर खार यायची आणि लेकीला ती पाहायचीच असायची. स्टूल तिच्या मानानं बुटकं पडत होतं, म्हणून त्यावर जुनी मासिकं रचून दोरीनं बांधली. उंचीवरून उठणं सोपं. दर आठवड्याला वरून एक मासिक काढायचं. वजनं उचलण्याचा व्यायाम तो हाच, फक्त वजन तिचं स्वतःचं. पाचव्या आठवड्यात मासिकं संपली. सहाव्यात खार आली नाही, आणि पोरगी खिडकीशी उभी राहून तिला हाका मारत राहिली. टाचा उचललेल्याच होत्या, पण उभी होती.

ती दोन वर्षांची झाल्यावर मॅडमनी पातळीचा विषय काढला. मुलांच्या हालचालींच्या क्षमतेच्या पाच पातळ्या कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९९७ साली ठरवल्या. पहिलीतलं मूल चालतं, जिना चढतं, तोल तेवढा कमी. पाचवीतल्याला मान सावरणंही अवघड. आमची तिसरी: हातात धरायच्या साधनानं घरात, शाळेत चालेल, लांब जायला व्हीलचेअर. मी विचारलं, थेरपीनं पातळी बदलते का? "सहसा नाही."

मग त्यांनी वयाबरोबर हालचालींची क्षमता कशी वाढते याचा आलेख दाखवला. २००२ साली ओंटारिओ प्रांतातल्या ६५७ मुलांच्या पाहणीवरून काढलेल्या पाच वक्ररेषा. सगळ्या आधी भराभर चढतात आणि पाचव्या वर्षाच्या आत जवळजवळ सपाट होतात. माझं बोट तिसऱ्या रेषेवर बराच वेळ होतं. घरी येऊन मी बायकोला आलेखाबद्दल काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी कळलं की तिनं तो आधीच शोधून वाचला होता आणि तीही मला सांगत नव्हती. त्या रात्री आम्ही दोघं पहिल्यांदा धड बोललो. पुढच्या भेटीत तिनंच विचारलं, "तिसऱ्या पातळीच्या आत किती जागा असते?" मॅडम म्हणाल्या, "भरपूर. स्वतः बाथरूमला जाणारी तिसरी असते आणि जिला कुणीतरी उचलून न्यावं लागतं तीही तिसरीच असते."

खुब्याचा एक्स-रे ही गोष्ट मी जवळपास टाळणार होतो, कारण तिला काही दुखत नव्हतं. पण खुबा सरकताना बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच ठरलेल्या वेळी फोटो काढायचा असतो. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीबाहेर ३० टक्क्यांहून जास्त गेला की डॉक्टर सावध होतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ३२३ मुलांच्या, २००६ साली छापलेल्या पाहणीत तिसऱ्या पातळीच्या ४१ टक्के मुलांचा खुबा इतका सरकलेला होता. आमचा आकडा अजून तिसाच्या आत आहे. फोटोच्या दिवशी मात्र घरात कुणी जेवत नाही.

तिसऱ्या वर्षी पोटऱ्यांत बोटुलिनमची, म्हणजे कडक स्नायू तात्पुरते सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं दिली. त्याचा असर साधारण तीन-चार महिने. तेवढ्या मुदतीत काम उरकायचं, नाहीतर इंजेक्शन वाया. मग घोटा थोडा थोडा वर आणत बदलत जायचं प्लास्टर, आणि त्यानंतर घोटा आणि पाऊल धरून ठेवणारं स्प्लिंट, ज्याला सगळे एएफओ म्हणतात. एएफओबद्दल कुणी न सांगितलेल्या गोष्टी: मोजा सुरकुतला की फोड येतो. बूट एक माप मोठा लागतो आणि आतला तळवा काढून टाकावा लागतो. काढल्यावर कातडीवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तसंच पुन्हा घालू नका, बनवणाऱ्याकडे परत जा. आम्ही एकदा "सवय होईल" म्हणून रेटलं आणि घोट्याची जखम भरेपर्यंत सगळंच बंद पडलं. चूक आमची होती.

वॉकर आला तो मागून धरायचा. मी उलटा जोडला असं मला वाटलं. पुढून ढकलायच्या वॉकरवर मूल ओणवं होतं. मागच्यात पाठ ताठ राहते आणि समोर खेळणी, माणसं, दार, सगळं मोकळं असतं. पहिल्या दिवशी ती सरळ दाराच्या चौकटीला जाऊन अडकली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. मागे, पुढे, पुन्हा चौकट, पुन्हा मागे. सहाव्या खेपेला सुटली. त्या चौकटीचा रंग अजून उडालेला आहे.

ताणणं आम्ही पूर्ण सोडलेलं नाही. झोपताना गेटर, म्हणजे गुडघे सरळ ठेवणारे पट्टे, आहेत, रोज उभं राहायची फ्रेम आहे, आणि कधीकधी ती "आज नको" म्हणते तेव्हा आम्हीही नको म्हणतो. मॅडमना ते सांगतो. त्या भुवया उंचावतात आणि लिहून घेतात.

आता ती पाच वर्षांची आहे. या वेळचं सहा आठवड्यांचं ध्येय तिनं स्वतः सांगितलं, मॅडमच्या कानात: बाथरूमला एकटी, दार लावून. भिंतीला दांडे बसवले, कडी आतून बंद होणार नाही अशी केली. आठवडा चौथा. काल ती आत होती आणि मी बाहेर, दाराला पाठ लावून. वॉकरचं चाक फरशीवर खरडलं. मग काहीतरी पडलं, बहुतेक साबण. मी उठलो, मूठ दाराजवळ नेली.

"बाबा, मी पडले नाहीये," आतून आवाज आला.

मी परत बसलो. नऊ मिनिटांनी फ्लश झाला, मग नळ सुटला. तो बराच वेळ चालू होता.