बोटभर खाली

"साहेब, काल फुल्ल भरलंय," मेकॅनिक फोनवर. मी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभा. टाकीतलं हिरवं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) मिनच्या, म्हणजे किमान पातळीच्या, रेघेच्याही बोटभर खाली.

कालच हे कूलंट फिरवणारा वॉटर पंप बदललेला. गळतंय का बघायला रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवला होता, तो कोरडा ठणठणीत.

"मग हवा अडकली असेल. गाडी चालली की ती निघते, लेव्हल उतरते. गार इंजिनवरच झाकण उघडा हां. नळाचं पाणी नको."

हे काल बिल देताना सांगायला काय झालं होतं?

वरून गॅलरीतले काका: "आम्ही कात्रज घाटात बाटलीतलं पाणी ओतायचो!" ओतायचात हो काका.

आता डिकीत बाटली आहे. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तुमचा मेकॅनिक न विचारता सांगतो का असलं काही?