जोडणाऱ्या शब्दांचे धडे

मराठीत सांधणे, जुळवणे, मिसळणे आणि गुंफणे यांत आपण सहसा गल्लत करत नाही, कारण हे शब्द आपण लहानपणी घरातल्या कामांसोबत शिकलेले असतात. इंग्रजीचे तसे नव्हते. जॉइन, युनाइट, कम्बाइन, मर्ज, कनेक्ट, अटॅच या सगळ्या क्रियापदांपुढे आम्ही वहीत ‘एकत्र करणे’ एवढाच अर्थ लिहीत असू. मिरजेतल्या आपल्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांना हे मान्य नव्हते. एकत्र आल्यानंतर प्रत्येकाचे काय उरते, हा प्रश्न ते प्रत्येक शब्दाला विचारायला लावत, आणि शाळेने मला दिलेल्या विद्येत मी या एका प्रश्नाला फार वरचे स्थान देतो.

उदाहरणांसाठी त्यांना गावाबाहेर जावे लागले नाही. सतारमेकरांच्या दुकानात भोपळा आणि दांडी जिथे एकमेकांना भिडतात, तो ‘जॉइंट’. दोन्ही भाग पक्के बसलेले, तरी भोपळा भोपळाच आणि दांडी दांडीच. अर्जाला दाखला लावणे म्हणजे ‘अटॅच’, कारण तिथे मुख्य वस्तू एक आणि तिला लावलेली दुसरी गौण असते. मिरज स्थानकात त्या काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मार्ग येत, आणि पंढरपूरला जाणारे वारकरी मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसत. सर म्हणत, हे मार्ग इथे ‘मीट’ होतात, पण ‘मर्ज’ होत नाहीत, कारण एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर चालू शकत नाही. स्थानकाच्या नावातला ‘जंक्शन’ आणि ‘जॉइन’ हे दोन्ही शब्द जू लावणे अशा अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आलेले असून आपले ‘जू’ आणि ‘योग’ हे शब्दही त्याच प्राचीन कुळातले आहेत, हे त्यांनी सांगितले तेव्हा परकी वाटणारी भाषा एकदम नात्यातली वाटू लागली.

‘मर्ज’ शिकवण्यासाठी त्यांनी हरिपूरचा संगम निवडला होता. वारणा कृष्णेला मिळते आणि तिथून पुढे नदीचे नाव फक्त कृष्णा राहते. या क्रियापदाचा मूळ लॅटिन अर्थ बुडणे असा आहे, म्हणूनच पाण्याखाली जाण्यासाठीचा ‘सबमर्ज’ त्याचा सख्खा भाऊ. ‘युनाइट’च्या मुळाशी मात्र ‘एक’ हा अंक आहे. तिथे हेतू आणि सत्ता एक होते, पण घटकांची नावे पुसली जात नाहीत. युनायटेड किंगडममध्ये स्कॉटलंड हे नाव टिकून आहेच.

शब्दयोगी अव्ययांबाबत ते अतिशय काटेकोर होते. नोकरीत किंवा सैन्यात ‘जॉइन’ होताना मध्ये ‘टू’ येत नाही, ‘कम्बाइन’ला ‘विथ’ लागतो, मोठ्यात विरून जाताना ‘मर्ज इंटू’ म्हणावे, आणि ‘कम्बाइन’पुढे ‘टुगेदर’ लिहू नये, कारण एकत्र येण्याचा अर्थ त्या क्रियापदात आधीच आहे. हे नियम आम्ही घोकले नाहीत, वाक्ये लिहून लिहून ते हातात बसले.

माझ्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो संस्थानांच्या धड्याचा. आपले मिरज हे एकेकाळचे संस्थान. संस्थानांनी आधी सामीलनाम्यावर सह्या केल्या, त्याला इंग्रजीत ‘अ‍ॅक्सेशन’ म्हणतात. त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे गेले आणि राजाचा कारभार चालू राहिला. त्यानंतर 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, आणि तो ‘मर्जर’ होता. कोल्हापूर 1 मार्च 1949 रोजी विलीन झाले. दोन शब्दांमधल्या अंतरात एक संपूर्ण राज्यव्यवस्था मावळली, हे व्याकरणाच्या तासाला समजले, याचे मला आजही अप्रूप वाटते. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्याविरुद्ध कौल दिला, तेव्हा विचारला गेलेला प्रश्नही मुळात हाच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना ‘युनियन’ हा शब्द का स्वीकारला, तेही सरांनी समजावले होते: हा संघ घटकांच्या आपसांतल्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा अधिकार नाही.

पुढे माझे आयुष्य भाषांतरात गेले. कंपन्यांची आणि बँकांची कागदपत्रे मराठीत आणताना कोणाचे अस्तित्व संपते, कोणाचे राहते आणि कोणाची देणी कोणाकडे जातात, हे पाहिल्याशिवाय मी विलीनीकरण, एकत्रीकरण किंवा संलग्नता यांतला एकही शब्द योजत नाही.

आज मुलांच्या तोंडी जॉइन, लिंक, अटॅच हे शब्द सहज असतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. अमृतमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी शाळेच्या ग्रंथालयाला काही देणार असतील, तर अर्थासोबत वापराची वाक्ये देणारे इंग्रजी-मराठी शब्दकोश द्यावेत, अशी माझी विनंती आहे. त्यात माझा वाटा मी उचलीन. आठवीच्या मुलांना हरिपूरच्या घाटावर नेऊन इंग्रजीचा एक तास घेण्याची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली, तर त्या तासाला मी आनंदाने येईन.