वर्गात बोलकी, स्टाफरूममध्ये मुकी

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं ठरवलं तेव्हा ज्या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, तो मुलाखतीत कुणी विचारलाच नाही. "इथली भाषा येते का?" त्या भाषेतले मोजून सहा शब्द मला येत होते, आणि त्यातला एक मी भलताच उच्चारत होते हे नंतर कळलं. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

भाषेऐवजी अडला तो पासपोर्ट. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा इंग्रजी शिकवण्यासाठी साधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. माझा देश त्यात नाही. जपानमध्ये खासगी संस्थांत शिकवायचं तर बारा वर्षं इंग्रजीतून शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात, आणि माझी शाळा मराठी माध्यमाची. बाकीच्या जाहिरातींपैकी निम्म्यांत 'नेटिव्ह स्पीकर हवा' असं लिहिलेलं. तरी तिथेही अर्ज टाकले. त्यातूनच दोन ठिकाणी बोलावणं आलं, त्यामुळे ती ओळ वाचून मागे फिरू नका एवढं सांगेन. एका एजंटाने "आधी टुरिस्ट व्हिसावर या, कागदपत्रं मग करू" असं सुचवलं, तेव्हा मात्र फोन ठेवला. कायद्याने अडचणीत आपण येतो, एजंट नाही.

माझ्या बाजूने एकच भक्कम गोष्ट होती, सेल्टा. इंग्रजी शिकवायला शिकवणारा केंब्रिजचा हा कोर्स साधारण 120 तासांचा, त्यात सहा तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि मागे परीक्षक वही घेऊन बसलेला. आमच्या कोर्सच्या सुरुवातीलाच एका प्रशिक्षिकेने आम्हाला अजिबात न येणाऱ्या भाषेत अर्धा तास शिकवलं. इंग्रजीचा एक शब्द नाही. घड्याळ, पिशवी, हातवारे. अर्ध्या तासानंतर मी त्या भाषेत माझं नाव सांगत होते, शेजारच्याला त्याचं विचारत होते. आमच्यासारख्यांचा मूळपुरुषही असाच होता म्हणे. 1878 मध्ये अमेरिकेत भाषाशाळा चालवणाऱ्या बर्लिट्झने जोली नावाचा फ्रेंच शिक्षक नेमला, तो आला तर त्याला इंग्रजीच येईना. बर्लिट्झ स्वतः आजारी, वर्ग थांबवता येईना, म्हणून जोलीने खाणाखुणांनी फ्रेंच शिकवली आणि विद्यार्थी भराभर बोलू लागले. ही गोष्ट बर्लिट्झच्या नावाची कंपनीच सांगते, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चला.

नोकरीआधीचा माझा डेमो, म्हणजे नमुना तास, होता 'यूज्ड टू'वर. समोर बारा विद्यार्थी, मागे संचालक. मी माझा जुना फोटो दाखवला, कमरेपर्यंत वेणी. मग स्वतःचे आखूड केस. फळ्यावर 'आय यूज्ड टू हॅव लाँग हेअर'. आणि विचारलं, "डू यू अंडरस्टँड?" बाराही माना डोलल्या. एकाला वाक्य करायला सांगितलं, तर तो म्हणाला, "आय यूज्ड टू ब्रेकफास्ट टुडे." सेल्टात हेच तर बजावून सांगितलं होतं: समजलं का, हे कधी विचारायचं नाही! मग फोटोकडे बोट दाखवून छोटे प्रश्न सुरू केले. आता केस लांब आहेत का? नाही. आधी होते? हो. एकच दिवस, की बरीच वर्षं? "मेनी यिअर्स!" तोच मुलगा ओरडला आणि पुढचं वाक्य बरोबर केलं. मला त्यांची भाषा येत असती तर मी पहिल्याच मिनिटाला अर्थ सांगून मोकळी झाले असते आणि त्याचा ब्रेकफास्ट तसाच राहिला असता.

पण म्हणून 'फक्त इंग्रजी'चा झेंडा मी नाचवणार नाही. 'ऑल्दो' समजावताना मी एकदा दहा मिनिटं नाटक केलं आणि शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीने त्यांच्या भाषेत एकच शब्द उच्चारला. सगळ्या वर्गाने "आऽऽ" केलं. तेव्हापासून अशा शब्दाला मी तिच्याकडेच बघते.

मुकी झाले ती वर्गाबाहेर. स्टाफरूममधल्या फळ्यावर वेळापत्रक बदललेलं असायचं, सगळ्यांना ठाऊक, आणि मी रिकाम्या वर्गात फळा पुसत उभी. पालक दारात येऊन दोन मिनिटं तावातावाने बोलायचे. तक्रार होती की कौतुक, मला कळायचं नाही. मी हसायचे. ते तक्रार असताना हसणं किती वाईट दिसलं असेल, ते आठवलं की आजही कसंनुसं होतं.

आणि करारनामा. दोन रकान्यांचा, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्थानिक भाषा. इंग्रजीत आठवड्याला पंचवीस तास शिकवणं. शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की दोन्हींत तफावत असल्यास स्थानिक मजकूर ग्राह्य. ते वाचूनही मी सही केली, कारण तफावत कशाला असेल? तिसऱ्या आठवड्यात शनिवारी बोलावणं आलं. उजव्या रकान्यात 'आणि संस्थेची इतर कामं' एवढं जास्तीचं होतं. फोनच्या ट्रान्सलेटरने ते दोन सेकंदांत दाखवलं. हेच सहीच्या आधी का सुचलं नाही, देव जाणे. त्या वर्षी मी शनिवारी पत्रकं वाटली.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा कागद घेऊन मी रिसेप्शनवरच्या ताईंकडे गेले. मला त्यांची भाषा जेवढी येते, तेवढंच त्यांना इंग्रजी येतं. उजवा रकाना त्या एकेक ओळ मोठ्याने वाचत गेल्या, मी डाव्यात बोट फिरवत गेले. 'इतर कामं'पाशी त्या थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "सॅटर्डे." मी पेन पुढे केलं. त्यांनी मान हलवून संचालकांच्या दाराकडे बोट दाखवलं.

ती ओळ खोडायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा मी आतापर्यंत शिकलेल्या त्यांच्या भाषेत बोलले, बहुतेक क्रियापदांशिवाय.