तीन महिने पूर्ण होण्याआधी

पुण्यातून परदेशी नोकरीला निघालेल्या कुटुंबांच्या आरोग्यविम्याची कागदपत्रे तपासणे हे माझे काम आहे. यात रकमांपेक्षा तारखांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण इथला विमा संपण्याचा दिवस आणि तिथला सुरू होण्याचा दिवस यांच्यामध्येच माणसे अडकतात.

2025 मध्ये म्युनिकला निघालेले एक जोडपे माझ्याकडे आले होते. नवऱ्याला वर्षाला 78,000 युरो पगार ठरला होता. जर्मनीत त्या वर्षी 73,800 युरोंपर्यंतच्या नोकरदाराला सरकारी व्यवस्थेतला विमा सक्तीचा होता आणि त्याहून अधिक पगार असणाऱ्याला खासगी विमा निवडण्याची मुभा होती. एजंटने दोघांचेही खासगी विम्याचे अर्ज भरून दिले होते, आणि सरकारी विम्यापेक्षा महिन्याला शंभरेक युरो वाचतील या हिशेबावर नवरा खूश होता. मी दोघांच्याही प्रकृतीची चौकशी केली, तेव्हा पत्नीने आधी त्याच्याकडे पाहिले आणि मग अकरावा आठवडा चालू असल्याचे सांगितले. "तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं घरी ठरलंय, मॅडम," ती म्हणाली.

तिच्या अर्जात गर्भधारणेच्या प्रश्नापुढे 'नाही' असे लिहिलेले होते. तिथे पोहोचल्यावर कळले असे सांगा, हा त्या एजंटचा सल्ला होता. मला त्याचा संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. खासगी विम्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा असतो, प्रसूतीसाठी आठ महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ, म्हणजे हप्ता भरूनही खर्च न मिळण्याचा काळ, असू शकतो, आणि लपवलेली माहिती उघड झाली तर कंपनीला करारातून अंग काढून घेता येते. वाचणारे शंभर युरो हे एकट्या पुरुषाचा हप्ता धरून काढलेले होते. प्रवास दोघांचा आणि लवकरच तिघांचा संसार, याची त्या हिशेबात नोंदच नव्हती.

पगार मर्यादेच्या वर असला, तरी जर्मनीत पहिल्यांदाच नोकरी धरणाऱ्याला तीन महिन्यांच्या आत सरकारी विमा स्वेच्छेने घेता येतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यात स्वतःचे उत्पन्न नसलेल्या पत्नीला वेगळा हप्ता न भरता सामावून घेतले जाते, प्रकृतीविषयी प्रश्न विचारले जात नाहीत, आणि तपासण्या, सुईणीची सेवा व रुग्णालयातली प्रसूती यांसाठी प्रतीक्षाकाळ नसतो. एकदा खासगी विम्यात शिरल्यावर तेवढ्याच पगारावर परतणे मात्र फार अवघड असते.

दुसरी अडचण इथलीच होती. तिने राजीनामा दिला होता आणि तिच्या कंपनीचा समूह विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपणार होता. त्या कंपनीच्या एचआर विभागाने लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करण्याची सविस्तर यादी पाठवली होती, पण विमा कधी संपतो याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. घरच्या पॉलिसीत प्रसूतीसाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ होता, आणि व्हिसासाठी काढलेल्या प्रवास विम्यात गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्या बसत नव्हत्या. मी तिचा शेवटचा दिवस, विमानाची तारीख आणि त्याचा रुजू होण्याचा दिवस एका ओळीत लिहून दाखवले, तेव्हा जवळजवळ पाच आठवडे ती कोणत्याही उपयोगी विम्याविना राहणार होती हे दोघांना दिसले.

तिने वरिष्ठांना खरे कारण सांगून शेवटचा दिवस पुढे ढकलून घेतला, नवरा एकटा पुढे गेला, आणि तो रुजू झाल्यानंतर ती निघाली. तिथल्या नियमांप्रमाणे गरोदरपणात तीन मूलभूत सोनोग्राफी होतात. त्यांपैकी 19 ते 22 आठवड्यांमधली दुसरी तिला तिथेच, विम्यातून करून घेता आली.

मला अस्वस्थ करते ते त्या तीन महिन्यांचे मौन. आपल्या घरांमध्ये ते पाळण्यामागची भीती मला समजते, पण राजीनामे, विम्याचे अर्ज आणि तिकिटे नेमकी त्याच काळात पक्की होतात. म्हणून आता मी पहिल्याच भेटीच्या प्रश्नावलीत गर्भधारणेचा प्रश्न सरळ घातला आहे आणि उत्तर नवऱ्याच्या देखत द्यावे लागू नये अशी सोयही ठेवली आहे. असा प्रश्न विचारणे अशिष्ट आहे आणि त्याने ग्राहक दुरावतील, असे माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे. आमचा वाद मिटलेला नाही, पण प्रश्न मी काढलेला नाही.